मधली तार

पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारी दुरुस्त करून माझं घर चालतं. त्यामुळे कुणी चमत्कार सांगायला आलं की मी म्हणते, आधी प्लग तपासा.

बाबा आगगाडीचे ड्रायव्हर. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा आणि तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, हाताने आता मनावर घेतलं नाही तर आशा सोडा. म्हणून धाकट्या भावाने टेबलभर रूळ आणि एक इवलासा फलाट मांडून विजेवरची छोटी गाडी आणली. ती शेपटीला आग लागल्यासारखी सुटली. बाबांनी तोंडच फिरवलं. आयुष्यभर गाड्या हाकलेल्या माणसाचा हा अपमानच की.

"ताई, हिला जरा माणसात आण," धाकटा म्हणाला.

मी इंजिन उघडलं. आत दोन मोटारी, दोघींना पुरेपूर वीज. तारा सोडवून मी मोटारी एकीमागे एक जोडल्या. अशाने वीज दोघींत वाटली जाते, वेग निम्म्यावर येतो. एकच खोड, दोघींना जोडणाऱ्या मधल्या तारेचा टाका सुटला की दोघी ठप्प. दुपारी गाडी रुळावर ठेवली. भरल्या मालगाडीसारखी ती जडपणे निघाली. बाबांची मान हळूहळू तिच्यामागे वळली. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

आठवड्याने तेल द्यायला इंजिनाचं झाकण काढलं, तर मधली तार मोकळीच. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला आणि टाका द्यायचा राहून गेला असणार. मीटर लावून पाहिला. वीज पलीकडे पोचतच नव्हती. तरी रुळावर ठेवताच गाडी निघाली.

मी प्लग तपासला. दोनदा.

धाकट्याने बाबांची खुर्ची खिडकीकडे वळवली. गाडी थांबली.

परत टेबलाकडे वळवली. निघाली.

"ताई, जोडून टाक ती तार."

"आणि जोडल्यावर बाबा बघायचेच थांबले तर?"

"तरीही जोड."

मी सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि इंजिन उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सावकाश मिटली. टेबलावर गाडी फलाटापाशी येऊन, धक्का न देता, उभी राहिली.

मी बाबांचा हात हातात घेतला. त्यांनी माझं बोट दाबलं, चांगलं घट्ट. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

मग त्यांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांवर, मधल्या तारेच्या दोन टोकांना द्यायचे राहिले होते तसे, सोल्डरचे दोन चकचकीत ठिपके दिसले. सोल्डर तर मी अजून वितळवलंच नव्हतं. ओल्या फडक्याने पुसले, निघाले नाहीत. ते कातडीच्या आत होते.