तीनशे एकोणीसची चादर

हॉटेलचा इतिहास लिहायचं काम मला मिळालं ते ताईच्या वशिल्यानं. ती तिथला धुलाईखाना तीस वर्षं सांभाळत होती. महिनाअखेर निवृत्त होऊन ती कायमची माझ्याकडे राहायला येणार होती. आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कुणीच नाही. तिच्या खोलीला मी रंगसुद्धा देऊन घेतला होता.

हॉटेल गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. सागवानी जिने, नाचाचं दालन, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेला खोलीचा नंबर. ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची.

तिसऱ्या मजल्यावर खोल्या अठरा, तीनशे एक ते तीनशे अठरा. मूळ नकाशात अठरा, मी मोजल्या तेव्हाही अठरा. तरी रोज दुपारी बाराला वरच्या मजल्यांवरून मळके कपडे टाकायच्या नळीतून तीनशे एकोणीसची एक चादर आणि एक अभ्रा खाली धुलाईखान्यात यायचा. चुरगळलेला, कोमट.

"कोण झोपतं यावर?" मी विचारलं.

"मी धुते, इस्त्री करते, फळीवर ठेवते. सकाळी फळी रिकामी असते. तू यात नाक खुपसू नकोस."

"भुताच्या चादरी धुतेस आणि माझे मोजे मात्र मीच धुवायचे."

ताई हसली नाही.

पुस्तकात छापायला पुरावा हवा होता. ती जेवायला गेल्यावर मी चादरीचा नंबराचा कोपरा कापून वहीत ठेवला. अक्कल चरायला गेली होती माझी.

इस्त्री करताना तिला चादरीचा कोपरा कापलेला दिसला आणि ती पांढरीफटक पडली.

"बिननंबरी कपडा फळीवर ठेवत नाहीत रे. ज्याच्या ताब्यात होता त्यानं खोलीत नेऊन द्यायचा. नियम आहे."

"कापला मी. मी नेतो."

"ताबा माझा आहे."

"पण ती खोलीच नाहीये, ताई."

"दार कुठंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि चादर घेऊन जिना चढू लागली.

मी मागोमाग धावलो. वरच्या वळणावर तिच्या चपलांचा आवाज थांबला.

व्हरांडा रिकामा होता. दारं मोजली. अठरा.

मॅनेजरनं सगळी उघडून दाखवली. ताई कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाराला नळी वाजली.

चादर एकच आली. अभ्रे दोन होते.

दुसऱ्याला ताईचा लांब पांढरा केस चिकटला होता, आणि गाल टेकतो तिथं तो ओला होता.