सनगरणीची गाठ

"म्हाळसाई, गठडी विणणारीनेच बांधावी. गडाच्या शिबंदीचा हात तिला लागू देऊ नकोस," असे लमाणांच्या हामू नाईकाने आदल्या सांजेला बजावले होते. "नाईक, तुम्हांला तर बैलाच्या सावलीचंही भय!" म्हणून घोंगडी विणणाऱ्या म्हाळसा सनगरणीने ते हसण्यावारी नेले, आणि तान्हे लेकरू तापाने फणफणले तेव्हा उरलेल्या गठड्या खुशाल गडावरच्या शिलेदार रायाजीच्या माणसांना बांधू दिल्या.

आता कळमगडाच्या माचीवर तांबडे फुटत होते, आणि दोन सरदारांच्या वैरात उजाड झालेल्या त्या मुलखात धनगरांची लोकर, सनगरांची घोंगडी नि घाटाखालचे मीठ जिच्यावरून फिरे, गोरगरिबांच्या चुली जिच्यावर पेटत, ती एकुलती चालती वाट लमाणांच्या बैलांच्या घुंगरांनी जागी होत होती. ती न लुटण्याचा दोन्ही फौजांचा कौल एकाच रिवाजावर टिकून होता: विणणारीने आपल्या हातची गाठ मारावी, आणि ती ओळखून ठाण्याने गठडी न उघडता सोडावी.

खिंडीतल्या शत्रूच्या ठाण्यावर जमादार दिलावरखान गाठींवरून बोट फिरवत आला नि थबकला.

"बाई, ही गाठ तुझी नव्हे."

तांड्याचा रखवालदार म्हणून आलेल्या रायाजीने तिला डोळ्यांनीच दटावले. हो म्हण! म्हाळसाने त्या परक्या गाठीकडे पाहिले. हो म्हणावे, तर उद्यापासून कुणाच्याच गाठीला कुणी मानणार नाही, वाट कायमची बुडेल. नाही म्हणावे, तर रायाजी हातभर अंतरावर, आणि पाठीला बांधलेले लेकरू.

"नव्हे, जमादारसाहेब. फोडा ती गठडी!"

घोंगड्यांतून नंग्या तलवारी खणखणत पडल्या.

"घरभेदे!" रायाजीने वार उगारला, हामू नाईकाने मध्ये उडी घालून तो आपल्या मानेवर घेतला. रक्ताची चिळकांडी लेकराच्या कुंचीवर उडाली. म्हाळसाने पायाशी पडलेली तलवार दोन्ही हातांनी उचलून रायाजीच्या पोटात खुपसली. हमालांच्या वेषातली त्याची माणसे ठाणेकरांनी भाल्यांवर घेतली. खिंडीतला धुरळा रक्ताने चिखल होऊन बसला.

"बाईच्या गाठीचा कौल कायम!" दिलावरखान गरजला.

पुढल्या बाजारी पेठ भरली. घोंगडी खपली, मीठ वर आले, लोक नाईकाचे नाव घेऊन हळहळले आणि घासाघीस करू लागले. त्याची बायको झमकी नायकीण मात्र कुणाला बाजारात दिसली नाही, आणि कुणी विचारलेही नाही. म्हाळसा पेज घेऊन तांड्यावर पोहोचली, तेव्हा झमकीच्या थंड चुलीत मांजर व्याली होती. नायकीण अजून श्वास घेत होती, इतकेच.

बाजार सुरू झाला की माणसांना हायसे वाटते. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही पेठेसाठी कुणीतरी घरचे माणूस गमावले असेल. त्या घरातून आज धूर निघाला का, तेवढे एकदा जाऊन बघून या.