गोदामामागचं हायड्रेंजिया

काउंटरसमोर येऊन उभा राहिलेला तो उंच, सावळा तरुण असा काही चेहरा करून आला होता की भूमिकाला वाटलं, ह्याच्या घरी नक्की कोणीतरी आजारी आहे.

"पाचगणीहून माझी झाडं आली होती... कुंड्या. धम्मदीप गजभिये नावानं," तो म्हणाला. "मी गावाले होतो, फोन विहिरीत पडला. आता काही उरलं नसन, मले माहीत आहे. पोत्यात भरून द्या, कुठंतरी टाकून देतो."

थंडी सरत आली होती. नागपूरच्या वेशीवरच्या वाडीत, महादेवरावांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नेहमीसारखी गडबड होती. बाहेर ट्रक लागत होता, हमाल ओरडत होते, सगळ्यावर धुळीचा थर. महादेवराव म्हणजे भूमिकाचे मामा. बी.कॉम. झाल्यापासून काउंटर तीच सांभाळत होती, आणि इतक्या मवाळपणे बोलणारं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"चला," ती उठली.

पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत ती त्याला गोदामाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं भिंतीच्या सावलीत त्याच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. रुंद, हिरवीगार पानं. एकही सुकलेलं नाही.

तो सरळ खालीच बसला, मातीत. एका झाडाचं पान त्यानं बोटांनी असं उचललं, जसं झोपलेल्या बाळाचा हात उचलावा. मग मान वर करून भूमिकाकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. भूमिकाला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली.

"पोती मीच फाडली," ती घाईघाईनं म्हणाली. "माना टाकल्या होत्या बिचाऱ्यांनी. इथं सकाळी थोडं कोवळं ऊन येते, मग दिवसभर सावली. रोज पाणी दिलं, बस."

"तुम्हाले झाडांचं कळते?"

"बिल्कुल नाही. तहानेचं कळते."

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती — हे लक्षात आलं आणि भूमिकाला स्वतःचाच राग आला.

त्यानं झाडं हातगाडीवर चढवायला घेतली. शेवटच्या कुंडीला हात लावला तेव्हा मात्र ती मध्ये उभी राहिली.

"ही नाही देणार."

"अहो, रामदासपेठेतल्या कौसल्याताईंच्या बंगल्याची बाग करून राहिलो, तिच्यासाठी आणलीत. मोजून."

"मग त्यांना सांगा, एक रस्त्यात गेलं."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं? रस्त्यातच राहिलं ना. वाडी काय, रस्ताच तर आहे."

धम्मदीपनं डोकं खाजवलं. "ठेवा. पण नागपुरात हे झाड जगवणं सोपं नाही. मले अधूनमधून येऊन पाहावं लागन."

"या ना," भूमिका म्हणाली, आणि मग जरा जास्तच लवकर म्हटलं की काय, असं तिला वाटून गेलं.

तो रविवारी आला. पुढच्या रविवारीही आला. हायड्रेंजियाला, म्हणजे ह्या थंड हवेच्या झाडाला, दुपारचं ऊन चालत नाही, पण नुसता अंधारही चालत नाही, हे त्यानं सांगितलं. कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून आधी बोट मातीत खुपसून पाहायचं, मगच पाणी. वर सुक्या पानांचा थर द्यायचा. आणि काडीचं टोक अजिबात छाटायचं नाही, कारण फूल तिथंच येतं.

"इतकी पथ्यं?" ती विचारायची. "झाड आहे का जावई?"

"जावई बरा. तो निदान बोलून दाखवते."

"आणि हे?"

"हे मान खाली घालून बसते. ज्याले समजायचं त्याले समजते." असं म्हणून तो तिच्याकडे पाहायचा नाही, कुंडीकडेच पाहायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

महादेवराव खुर्चीतूनच आवाज द्यायचे, "तो हैदराबादी झाडवाला आला वं." हायड्रेंजिया हा शब्द काही त्यांच्या तोंडी बसला नाही. "इतक्याशा झाडाले किती वेळ पाहून राहिला तो?"

फेब्रुवारीच्या शेवटी पानांच्या मधोमध हिरव्या दाण्यांचा एक बारीकसा झुपका दिसला. भूमिका त्या दिवशी तीनदा काउंटर सोडून मागे जाऊन आली. कधी एकदा रविवार येतो असं तिला झालं होतं. पण रविवारी तो आला तो गप्प गप्पच.

"पाचगणीच्या नर्सरीवाल्यांनी बोलावलं आहे," शेवटी तो म्हणाला. "कायमची नोकरी. तिकडे हे झाड कुंपणालाही येते... त्यांना महिन्याभरात सांगायचं आहे."

भूमिकानं झुपका दाखवायला उचललेला हात मागे घेतला. ती म्हणाली, "मस्त. जा ना मग."

"जाऊ?"

"मले काहून विचारता? मी काय तुमची नर्सरी आहे?"

 तो कुंडी उगाच जरा भिंतीकडे सरकवून निघून गेला. त्यानंतरचे रविवार रिकामेच गेले. फोन करायला दोघांचंही मन धजलं नाही. भूमिका झाडाला पाणी घालत होती आणि त्याच्याशीच भांडत होती.

आणि मार्चमधल्या एका सकाळी ती मागे गेली तर... फूल उघडलं होतं. एक नव्हे, शेकडो बारीक फुलांचा मिळून एक चेंडू. कडेला गुलाबी, आत जांभळट, जणू अजून कुठला रंग घ्यावा हे त्याचं ठरलंच नव्हतं. भूमिकानं फोन काढला, फोटो घेतला, आणि पाठवता पाठवता थांबली. फोटोत कसं दिसेल हे? हे त्यानं डोळ्यांनीच पाहायला पाहिजे. आत्ता. तो आजच पाचगणीला कळवून टाकणार असेल तर?

"मामा, मी आलीच," एवढंच ती ओरडली. कुंडी अॅक्टिव्हावर दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि रामदासपेठेच्या दिशेनं अमरावती रोडला लागली.

दोन्ही बाजूंनी ट्रक, वर चढलेलं ऊन. सिग्नलला उभं राहिलं की शेजारचे लोक आधी फुलाकडे पाहायचे, मग तिच्याकडे.  काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची — काहीच ठरत नव्हतं, आणि तरीही असं वाटत होतं की पोहोचायला जरा उशीर झाला तर सगळं हातचं जाईल.

कौसल्याताईंच्या बंगल्याच्या पूर्वेला, जिथं दुपारी घराचीच सावली पडते, त्या लांबट पट्ट्यात धम्मदीप गुडघ्यांवर बसून माती भुसभुशीत करत होता. फाटकाचा आवाज आला तसं त्यानं वर पाहिलं. हातातलं खुरपं तिथंच राहिलं.

"फूल आलं," भूमिका धापा टाकत म्हणाली. "पाहा."

तिनं कुंडी उचलली, आणि तिचा चेहराच उतरला. उन्हानं आणि वाऱ्यानं पानं लोंबत होती. फुलाचा चेंडू कुंडीच्या काठावर पार आडवा पडला होता.

"मी मारलं ह्याले," ती म्हणाली. "आत्तापर्यंत इतकं चांगलं होतं..."

"नाही मेलं." त्यानं कुंडी तिच्या हातातून घेतली, पाण्यानं भरलेल्या टबात अलगद बुडवली. मातीतून बुडबुडे वर येऊ लागले. "घाबरलं आहे. सावलीत थोडा वेळ बसू द्या, उठते."

"आणि नाही उठलं तर?"

"उठते."

सत्तरी ओलांडलेल्या कौसल्याताई व्हरांड्यातून हे पाहत होत्या. "मी चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा काही लवकर आला नाही.

दोघं टबाजवळ बसून राहिले.

"पाचगणीला सांगितलं?" तिनं विचारलं.

"आज सांगणार आहे. तुम्ही जा म्हटलं, म्हणून बॅगही काढून ठेवली."

"मी रागानं म्हटलं."

"राग काहून?"

 भूमिका एका दमात बोलून गेली, "कारण मले वाटलं तुम्ही फक्त झाड पाहाले येता."

"झाड पाहाले कोणी इस्त्रीचा शर्ट घालून येते?" तो हळूच म्हणाला. "एक कुंडी पाहाले पाच मिनिटं लागतात, भूमिका."

आजपर्यंत तिचं नुसतं नाव त्यानं घेतलंच नव्हतं. तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"पण माझ्यासाठी राहू नको तू," ती म्हणाली. "मे महिन्यात सगळी झाडं करपली की मलेच बोल लावशील."

"तुझ्यासाठीच राहून राहिलो. इथल्या दोन-तीन बंगल्यांनी काम विचारलं आहे, ते कारण बाकीच्यांना सांगीन." तो थांबला. मातीनं भरलेला हात त्यानं पँटला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला, अजून थोडीशी माती तशीच. "तुले खरं सांगितलं."

तिनं हात काढून घेतला नाही. पाण्यातलं फूल काठावरून जरासं वर उचललं गेलं होतं. धम्मदीपनं ते पाहिलं.

इतक्यात भूमिकाचा फोन वाजला. मामा.

"कुठं हायेस वं? काउंटर सोडून गेली, गाडी घेऊन गेली. काय लावलं हे?"

भूमिकानं एकदा धम्मदीपकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आज तिला ते अजिबात नको होतं.

"रामदासपेठेत आहे, मामा. धम्मदीपसोबत. संध्याकाळी त्याले घरी घेऊन येऊन राहिली. तुमच्याशी बोलायचं आहे आम्हाले."

पलीकडे मामांनी आधी हमालाला ओरडून ट्रक बंद करायला लावला.  मग महादेवरावांनी घसा खाकरला.

"जेवून जाईन ना तो?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणजे... मामीले तसं सांगावं लागन."