नळी समोर, एक मिनिट

"अरे देवा, घासतोय काय! वाट लावणार हा तिची..." मी मराठीत पुटपुटले. तोक्योच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात समोरचा जपानी तरुण एका पुराण्या रायफलीची नळी खसाखसा घासत होता. माझं सगळं संशोधन लोखंडाच्या गंजावर, त्यामुळे राहवलं नाही.

त्याने मान वर केली. "मग काय करू?"

चक्क मराठीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ओळख झाली, मीही नाव सांगितलं. त्याची आई साताऱ्याची, वडील तोक्योजवळच्या उरायासुचे, नाव अद्वय. मराठी आईकडून शिकलेला, म्हणून पहिल्या भेटीतच 'तू'.

"हा तपकिरी थर राहू दे. तोच आतलं लोखंड सांभाळतो."

"बरं, कश्मिरा-सान. रविवारी येऊन शिकवशील?"

दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी एनफील्ड होती ती. नोंदणीच्या कागदाशी लांबी ताडून त्याने ती घेतली आणि परवान्यांचे सोपस्कार उरकून, नऊ वर्षं क्लबमध्ये जुन्या बंदुका चालवणारा तो आता हिने नेम धरायला लागला. मग माझे सगळे रविवार त्याच्या बाल्कनीत. नळीत गरम पाणी, चिंधी, तेल. बंदुकीच्या जळक्या दारूमुळे हातांना सडक्या अंड्यांचा वास.

"परफ्यूम आवडला?" तो विचारायचा.

"फारच. सोमवारी लॅबमध्येही दरवळतो."

तो हसायचा... आणि पुन्हा चिंधीत डोकं. मला तो आवडायला लागला होता. त्याचं काही कळत नव्हतं. रायफल भरताना आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं, शेवटी ठिणगी पाडणारी टोपी. हा क्रम कधी चुकायचा नाही. प्रेमातही हा असाच असेल, तर माझं काही खरं नाही.

क्लबच्या स्पर्धेच्या दिवशी, त्याची पाळी यायच्या आधी, मी सांगून टाकलं. "माझी फेलोशिप संपतेय. वर्षभर वाढवायची का, ते उद्या कळवायचंय. नाहीतर... पुणं."

"अच्छा," तो म्हणाला. कानांत बोळे घातले आणि रेषेवर गेला.

बस, अच्छा! माझं डोकंच फिरलं.

बाकीच्यांचं आटोपलं होतं. त्याने रायफल भरली, नेम धरला, चाप ओढला. टोपी फट्कन वाजली... पुढे काहीच नाही. ना धूर, ना धमाका.

बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडे धरून एक मिनिट थांबायचं, मागे वळायचं नाही, असा नियम. अद्वय थांबला. आणि कानांत बोळे असल्यामुळे, किती मोठ्याने बोलतोय हे न कळता, ओरडला, "कश्मिरा! दारू घालायलाच विसरलो! नऊ वर्षांत पहिल्यांदा! तू जाणार म्हणालीस आणि... जाऊ नको ना! मला तू फार आवडतेस!"

मैदानावर मराठी कळणारी मी एकटी.

क्लबचे वयस्कर होरिउची-सान माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो?"

"दारू घालायला विसरलो, म्हणतोय," मी जपानीत सांगितलं.

"एवढंच? मग तुम्ही का रडताय?"

मी डोळे पुसले आणि बोळ्यांपलीकडे पोचेल एवढ्या जोरात ओरडले, "राहतेय मी! पण वळू नकोस... अजून वीस सेकंद आहेत!"