अकरा दाब

पोंभुर्ण्याच्या खुशबूच्या डोक्यात पाणी साचायचं. नागपूरला ऑपरेशन करून डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी टाकली, अन् उजव्या कानामागं चिंचोक्याएवढी गाठ राहिली. डॉक्टर समजावून म्हणाले, ही हापशीसारखी आहे, पाणी खाली उतरवते, पण हिला हात लावू नका. सासू कमलाबाईनं हापशी तेवढी ऐकली.

झालं. रोज दुपारी टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचं बोट गाठीवर. गावची हापशी अकराव्या हिसक्याला पाणी द्यायची, म्हणून इथंही अकरा दाब. चार वर्षांची नात पुनम शेजारी बसून बघायची.

दुखणं काही सरलं नाही. मान वळवली की नळी ओढायची, वाकलं की पोटात टोचायचं, ऊन डोळ्यांत सुईसारखं शिरायचं. खुशबू तशीच धान पाखडायची.

चैत्रात कमलाबाई गेली. वैशाखात एका दुपारी खुशबू घरात एकटीच, उशाला दोन पोती घेऊन पडली होती. कानामागं तेलकट बोट टेकलं. एक… दोन… अकरा. डोकं हलकं झालं. ती भ्याली, पण उठली नाही. दुखणाऱ्या माणसाला हात कुणाचा हे विचारणं सुचत नाही.

पावसाळाभर तेच चाललं. भादव्यात नवरा मिथुन तिला तपासणीला घेऊन गेला. डॉक्टर फोटो बघतच राहिले. नळी मानेत तुटलेली, अन् तूट जुनी.

"मंग पाणी कुठी जाऊन राह्यलं?" मिथुननं विचारलं. डॉक्टरांनी तिला लगेच भरती करून घेतलं.

त्या दिवशी खुशबूनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं वाकून तिच्या कानामागची गाठ बघितली. मग म्हणाला, "मायले सांग… आता नको येऊ म्हणा."

नवी नळी डाव्या बाजूनं टाकली. घरी आल्यावर पहिल्याच दुपारी खुशबू आडवी झाली अन् सासूला उद्देशून हळूच म्हणाली, "मामीजी, आता तुमी आराम करा."

बोट आलं नाही. बाहेर छपराच्या कवेलूवर पान पडलं तेवढंच. तिला हायसं वाटलं, थोडं सुनंही.

शेजारी पुनम भिंतीकडं तोंड करून झोपली होती. ती चुळबुळली.

"मम्मी, हळू दाब नं… दुखते."

खुशबूचे दोन्ही हात आपल्या पोटावरच्या टाक्यांवर होते. तिनं पोरीचे केस बाजूला सारले. कानामागची कातडी तेलानं चमकत होती.