निळ्या गिटारची दांडी

"माझी गिटार चोरीला गेली आहे," सोकोरो व्हियारेआल म्हणाली, आणि तिनं तीच गिटार मॅक्सीनच्या टेबलावर ठेवली.

ऑर्विल प्रुइटचा डोनट तोंडाशी जाता जाता थांबला. स्कूल बस चालवून निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर घरात पायात पायात यायचा. म्हणून बायकोनं त्याला आपल्या थोरल्या बहिणीकडे, मॅक्सीन लाउडरमिल्ककडे, मदतीला धाडलं होतं. बेकर्सफील्डमध्ये खाजगी गुप्तहेराला एवढी कसली मदत लागते, हे त्याला अजून नीटसं कळलेलं नव्हतं. गाडी चालवायची आणि डोनट आणायचे, एवढं तो करायचा.

"मग ही कोणती?" त्यानं विचारलं.

"हीच ती. आणि ही ती नाही."

"छान," मॅक्सीन म्हणाली. "बसा. आता पहिल्यापासून सांगा."

सोकोरो टपाल वाटायची आणि शनिवार-रविवारी वडिलांच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. वसंतात कुणाच्या तरी कुत्र्यानं तिला पायऱ्यांवरून पाडलं आणि तिचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जुनी गिटार हातात धरली की अर्ध्या तासात अंगठा बधिर व्हायचा.

"दांडी बारीक होती हो. बारीक दांडीला हात आवळून धरतो, आणि आवळला की मनगट ओरडतं. म्हणून नवी घ्यायची ठरवली. हॉलिस क्रॅबट्रीच्या दुकानात तीन आठवडे रोज जात होते. एक दांडी बिस्किटासारखी चपटी. एकीच्या पाठीला मधोमध कंगोरा, होडीच्या तळासारखा. ती तळव्याला टोचायची. हॉलिसनंच मला शिकवलं. म्हणायचा, 'पोरी, रुंदी बघू नकोस. दोन दांड्यांची रुंदी एकच असते आणि जाडी वेगळी असते. डोळे मीट, तळवा भरतो का बघ.' आणि एक दिवस ही निळी हातात आली. जुनीच आहे, पण दांडी गोल, जाड, भरलेली. तासभर वाजवलं. मनगट मोडलंय हेसुद्धा विसरले."

"मग?"

"पैसे दिले. तिथला दुरुस्तीवाला ॲन्सेल्मो म्हणाला, तारा बदलून देतो, चार दिवस मागच्या खोलीत ठेव. काल घरी आणली, आणि..." तिनं गिटारकडे बोट केलं. "ही बारीक आहे. रंग तोच, नंबर तोच, कोपऱ्यातला टवकाही तोच. पण हात सांगतो, ही ती नाही."

"हॉलिस काय म्हणाला?"

"त्यानं टेप काढली, वरच्या टोकाला रुंदी मोजली आणि म्हणाला, केसाचाही फरक नाही. बहीण म्हणते, माझ्या मनाचे खेळ. परवा आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. सबंध संध्याकाळ मी वाजवायची असं ठरलंय. नाही जमलं तर..." तिनं मनगट चोळलं. "मला वेड लागलेलं नाही ना, एवढंच शोधून द्या. मग वाजवणं सोडायचं की नाही ते माझं मी बघेन."

मॅक्सीननं गिटार उलटी केली. दांडी चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. नंबर त्या स्क्रूंखालच्या पत्र्यावर कोरलेला. एका स्क्रूची खाच ओरबाडलेली होती आणि शेजारी पत्र्यावर ताजा, चकचकीत ओरखडा.

"ऑर्विल, काय दिसतंय?"

ऑर्विलनं नाक जवळ नेलं. "दिसत काही नाही. पण दांडीला वास येतोय. कापराचा. तुम्ही मनगटाला मलम लावता का हो?"

"मी? त्या वासानं माझं डोकं उठतं," सोकोरो म्हणाली.

"मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" मॅक्सीननं विचारलं.

"हॉलिसकडे, दुरुस्ती करणाऱ्या ॲन्सेल्मोकडे, आणि क्लिंट यारब्रोकडे. तो तिथं शिकवण्या घेतो. त्यालाही निळीच हवी होती. मी पैसे दिले तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही."

ऑर्विलनं मॅक्सीनकडे पाहून भुवई उडवली. त्याच्या मते केस तिथंच संपली होती.

दोघं दुकानात शिरले तेव्हा हॉलिस काउंटरमागे बसून लाल गिटारवर नाचाचं जुनं वॉल्ट्झ वाजवत होता. पांढऱ्या मिशांचा, अघळपघळ माणूस. सगळ्या तारा एकाच बोटाखाली दाबायचे अवघड कॉर्ड तो एकामागून एक धरत होता आणि तोंडानं बोलणंही चालू होतं.

"सोकोरो गुणी पोरगी आहे हो, पण त्या दुखण्यानं जरा हळवी झालीय. मी मोजून दाखवलं की तिला."

"वा, काय हात आहे तुमचा!" मॅक्सीन म्हणाली. "ही लाल पण विकायची आहे का?"

"छे! ही माझी. तीस वर्षं झाली."

ऑर्विलचं लक्ष काउंटरवरच्या मलमाच्या बरणीकडे गेलं. शेजारी अंगठ्याला बांधायचा पट्टा पडला होता.

"मालक, गुडघ्याला जरासं घेऊ का? गाडीत बसून आखडलाय."

"घ्या की, भरपूर घ्या. दोन वर्षं रोज अंगठ्याला चोळतोय मी. संधिवात! पाच मिनिटं वाजवलं की कळ डोक्यात जायची."

ऑर्विलनं पँट वर करून गुडघ्याला मलम चोपडलं. त्याला फार बरं वाटलं. मॅक्सीन तोवर लाल गिटारकडे बघत होती. वॉल्ट्झ संपलं, दुसरं सुरू झालं.

मागच्या खोलीत ॲन्सेल्मो एचेव्हेरी डब्यातलं घेवड्याचं सूप पीत होता. मॅक्सीननं निळी गिटार त्याच्यापुढे उलटी धरली.

ॲन्सेल्मोनं चमचा खाली ठेवला. "कुणी केलं हे? चुकीच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर, आणि तोही घसरलेला! असल्या माणसाला चमचासुद्धा हातात देऊ नये."

"तुम्ही तारा बदलल्यात ना? तेव्हा दांडी वेगळी लागली नाही?"

"बाई, मला वाजवता येत नाही. तारा काढल्या, तारा चढवल्या, गिटार पेटीत. उलटी करून बघायची वेळच आली नाही."

क्लिंट पार्किंगमध्ये सापडला. पंचविशीतला, केसांना भरपूर तेल, बोटं सतत कशावर तरी वाजणारी.

"हो काकू, हवी होती मला निळी. तो आवाज, तो रंग! पण ती दांडी? ओंडका होता नुसता! मी ती काढून टाकून माझी बारीक बसवणार होतो. मला सुसाट वाजवायचं असतं. तो ओंडका फुकट दिला तरी कोण घेतो?"

गाडीत बसल्या बसल्या ऑर्विलनं जाहीर केलं, "क्लिंट. हवी होती, मिळाली नाही, सूड उगवला."

"आणि सूड म्हणून गिटार दुकानातच ठेवून नुसती दांडी नेली? तीही न आवडणारी?"

ऑर्विल दोन चौक विचार करत राहिला. "मग ॲन्सेल्मो. हत्यारं त्याच्याकडेच आहेत."

"ऑर्विल, तुझ्या गुडघ्याला कसला वास येतोय?"

"मलमाचा. का गं?"

"काही नाही. गाडी चालव."

शुक्रवारी दुपारी मॅक्सीननं सगळ्यांना दुकानात गोळा केलं. चार गिटारी ओळीनं उभ्या केल्या. शेवटची लाल.

"ती कशाला?" हॉलिस पुढे आला. "ती विकायची नाही, सांगितलं ना."

"विकत कोण घेतंय? नुसता हात लावायचाय. सोकोरो, डोळे मिटा. हॉलिसनं शिकवलंय तसं."

ऑर्विलनं एकेक गिटार तिच्या मांडीवर ठेवली. पहिली. "चपटी," ती म्हणाली. दुसरी. "कंगोऱ्याची." तिसरी निळी होती. तिचा हात दांडीवर फिरला आणि चेहरा उतरला. "हीच. परवापासून छळतेय."

मग लाल. तिची बोटं दांडीभोवती मिटली. तिनं एक कॉर्ड धरला, मग दुसरा, आणि डोळे न उघडताच ती रडायला लागली.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

दुकानात सगळे हॉलिसकडे बघत होते. हॉलिस जमिनीकडे बघत होता.

"दांडी काढली गेली, हे स्क्रूनं पहिल्याच दिवशी सांगितलं," मॅक्सीन म्हणाली. "आणि काढणाऱ्याला ते काम येत नव्हतं, हेही. ॲन्सेल्मोनं काढली असती तर ओरखडा उठला नसता. क्लिंटला निळं धड हवं होतं, दांडी नको होती. इथं चोरानं दांडी नेली आणि धड ठेवलं. म्हणजे चोराला जाड दांडीचीच गरज होती. कुणाला असेल? ज्याचा हात दुखतो त्याला."

"पण सोकोरो सोडून हात कुणाचा दुखतो?" ऑर्विलनं विचारलं.

"ज्याचं मलम तू गुडघ्याला चोळलंस त्याचा! निळीवर आलेल्या दांडीला तोच वास होता. दोन वर्षं मलमाच्या हातानं धरलेली दांडी आहे ती. हॉलिसची जुनी दांडी. दोन्ही गिटारी एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या. समोरून फरक दिसत नाही. पाच मिनिटांत ज्याला कळ यायची तो माणूस काल पट्टा काढून वॉल्ट्झवर वॉल्ट्झ वाजवत होता."

"ते मीही पाहिलं होतं," ऑर्विल पुटपुटला.

"पाहिलंस आणि गुडघा चोळत बसलास. पण मला सगळ्यात आधी खटकली ती टेप. ज्यानं या पोरीला तीन आठवडे शिकवलं की रुंदी बघू नकोस, तोच तिला रुंदी मोजून दाखवतो? हॉलिस, जाडी का नाही मोजलीत?"

हॉलिसनं टोपी काढली. "एका संध्याकाळी सहज ती निळी घेऊन बसलो. दोन वर्षांनी पहिल्यांदा अख्खं गाणं वाजवलं. अख्खं! पण शब्द तिला देऊन बसलो होतो. रविवारी दांड्या बदलल्या. वाटलं, तिला कळणार नाही."

"तूच शिकवलंस, हॉलिस," सोकोरो म्हणाली. "आणि माझ्याबद्दल लोकांना सांगितलंस, हळवी झालीय. त्याचा राग जास्त आलाय. माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडायला निघाला होता."

"चुकलो, पोरी. फार चुकलो."

ॲन्सेल्मो योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलासुद्धा. "तुला जाड दांडी हवी होती तर मला सांगायचंस. हिचा साचा काढून दुसरी कोरून दिली असती."

"तुला येतं ते?"

"बावीस वर्षं एका दुकानात आहोत, कधी विचारलंस?"

क्लिंट खो खो हसला. मग सोकोरोही हसली, नाक पुसत. साचा काढू द्यायला ती तयार झाली, पण शनिवारनंतर. आणि एका अटीवर: त्या दिवशी सगळे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर हॉलिसनं उचलायचे.

शनिवारी हॉलिसनं ते उचलले. घाम पुसत तो समारंभाच्या हॉलच्या दाराशी उभा राहिला आणि सोकोरो वाजवत राहिली. नाचाचे पोल्का, मेक्सिकन रांचेरा, जुनी काउबॉय गाणी. तास उलटला तरी तिनं एकदाही मनगट झटकलं नाही. ऑर्विलनं बायकोबरोबर इतका नाच केला की तिनंच त्याला बसायला सांगितलं.

मग सोकोरोच्या वडिलांनी अकॉर्डियन खाली ठेवून नाचायला लेकीपुढे हात केला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दाराकडे बोटानं खूण केली आणि निळी गिटार हॉलिसच्या गळ्यात अडकवली.

"दोन गाणी," ती म्हणाली. "मोजून."

हॉलिसनं वॉल्ट्झ धरलं. बापलेक नाचायला लागले; म्हातारा पाऊल चुकायचा आणि ती त्याला हसत सावरायची. दुसरं गाणंही संपलं. हॉलिसची बोटं आपोआप तिसऱ्याकडे वळली.

सोकोरो वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून, डोळे मिटून उभी होती. तिनं डोळे उघडले, हॉलिसकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

"वाजव," ती म्हणाली.