ज्या गावानं आग पाहिली नव्हती

शनीच्या टायटन या उपग्रहावर (ग्रहाभोवती फिरणाऱ्या चंद्रावर) निवळी नावाचं आमचं गाव आहे. तळ्याकाठी पन्नासएक घरं, सगळी एकाच बंद घुमटाखाली. तळ्यात पाणी नाही. इथे थंडी इतकी कडक की पाण्याचा दगड होतो आणि मिथेन (पृथ्वीवर इंधन म्हणून जाळतात तो वायू) पातळ होऊन तळ्यात साचतो. तो उपसायचा नि मालवाहू यानांत भरायचा, यावर आमचं पोट. यान आलं की सगळ्यांची धावपळ, गेलं की गाव जांभया देत बसतं.

माझे आजोबा साताऱ्याहून पहिल्यांदाच इथे आले होते. ते रसायनशास्त्रज्ञ. तळं बघून म्हणाले, "केतकी, अख्खं तळं इंधनाचं आणि तुम्ही काठावर खुशाल राहता? ठिणगी पडली तर?"

"पडू दे की. काही होत नाही."

"का होत नाही?"

आता आली का पंचाईत? मला कुठे ठाऊक होतं. तळ्याला आमच्याकडे कुणीच भीत नाही. जपतात ते लाल नळ्यांना. बर्फाचं पाणी करून, त्यातून विजेच्या मदतीने ऑक्सिजन वेगळा काढतात आणि तो या नळ्यांतून सगळीकडे जातो. त्या उघडबंद करायच्या चाव्यांना मुलांनी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची सगळ्यात कडक ताकीद. कुणाचा श्वास कुणी बंद करतं का?

त्याच दिवशी यान आलं. वासंतीआत्या, म्हणजे आजोबांची धाकटी लेक, घुमटाबाहेर, धक्क्याच्या टोकावरच्या काचेच्या खोलीत बसून पंप चालवत होती. आम्ही दोघं घुमटाच्या खिडकीतून बघत होतो. तिच्या खोलीकडे जाणारी लाल नळी आमच्या शेजारूनच बाहेर जात होती; तिची लाल चावीही तिथेच होती.

तेवढ्यात आत्याच्या दाराखाली, नळीच्या सांध्याजवळ, मला निळा उजेड दिसला.

"बघा आजोबा, आत्यानं नवा दिवा लावलाय," मी कौतुकानं म्हटलं.

आजोबा ताडकन उठले. "तो दिवा नाही, केतकी. ती आग आहे."

मी आग कधी पाहिलीच नव्हती. आमच्या शेगड्या विजेच्या. निवळीत जन्मलेल्या कुठल्याच मुलानं ती पाहिलेली नाही.

आजोबांनी रेडिओ उचलला. "वासंती, दाराखाली आग लागलीय. मिथेनचा पंप बंद कर आणि बाहेर ये."

"पंप बंद केला, बाबा. पण बाहेर कशी येऊ? दार उघडलं की ज्वाळा अंगावर येईल. दाराचं रबरही मऊ पडायला लागलंय." आत्या अगदी शांतपणे बोलत होती, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"पंप बंद, तरी विझत नाही," आजोबा पुटपुटले. "हिला इंधन मिळतंय कुठून?"

"आजोबा, मिथेन तर बाहेरच्या हवेतही आहे. धक्क्यावर सांडतो त्याचीही वाफ होते. तो कसा बंद होणार?"

आजोबा माझ्याकडे वळले. "खरंच की. मी अजून साताऱ्यातच आहे. मग बाहेर काय नाही?"

"ऑक्सिजन."

"ज्वलनाला (जळण्याच्या क्रियेला) दोघं लागतात, मिथेन आणि ऑक्सिजन. पृथ्वीवर ऑक्सिजन हवेत मिळतो, म्हणून आम्ही गॅस बंद करतो. इथे मिथेन बाहेर मिळतो, म्हणून..."

आम्ही दोघांनीही लाल चावीकडे पाहिलं. सांधा गळत होता आणि तिथून सुटणारा ऑक्सिजनच जळत होता.

"वासंती, हवाबंद पोशाख घालून बस. तुझ्या खोलीचा ऑक्सिजन बंद करतोय. पोशाखातला तुला पुरेल," आजोबा म्हणाले. त्यांनी चावीला हात घातला आणि परत काढून घेतला. "मला नाही गं जमत. लेक आहे ती माझी."

मग मी चावी फिरवली. मला रडू येत होतं, तरी पूर्ण फिरवली.

निळा उजेड लहान होत गेला आणि नाहीसा झाला. दार उघडून आत्या धक्क्यावरून चालत आली. नळी गारठू नये म्हणून गुंडाळलेली विजेची तार तुटून ठिणगी उडाली होती, हे तिनंच शोधून काढलं.

पुढच्या आठवड्यात आजोबांनी आमच्या शाळेत एक बंद काचपेटी आणली. पेटीत मिथेन आणि त्यात सोडलेली ऑक्सिजनची बारीक नळी. विजेची ठिणगी पाडताच नळीच्या टोकाला ज्योत उभी राहिली. सगळी मुलं काचेला नाक लावून बसली.

"नीट ओळख करून घ्या हिची," आजोबा म्हणाले. "पलीकडच्या तळ्यावर नवं गाव वसेल, तेव्हा तिथल्या मुलांना तुम्हीच शिकवायचंय. आता सांगा, ही विझवायची कशी?"

"ऑक्सिजन बंद करून," सगळी एका सुरात म्हणाली. मी मात्र ज्योतीकडेच बघत होते.

"केतकी, तू का गप्प?" आजोबांनी विचारलं.

मागे उभ्या असलेल्या आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिला नका विचारू, बाबा. तिनं उत्तर दिलं म्हणून तर मी इथे उभी आहे."